हातातून गेलेले मोबाइल आणि रेंजच्या जागा

घाटपायथा

मंडळी, चवथ (गणेशचतुर्थी) दहा दिवसांवर आली म्हणून काल माळा काढायला घेतला. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं टांगायची, लाकडी चौकट बाहेर ओढली तर तिच्यामागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि डब्यात चार मोबाइल, तीन चार्जर, एक अर्धवट इअरफोन. बायको म्हणाली भंगारवाला गुरुवारी येतो त्याला देऊन टाका. मी म्हटलं देतो देतो, आणि तिथंच कोळिष्टकांत बसून राहिलो तो खालून चहा निवल्याची तिसरी हाक आल्यावर उतरलो.

तर तुमचेही आजवरचे फोन सांगा. मॉडेल, किंमत, मेगापिक्सेल सगळं चालेल, पण मला काल एक गंमत कळली ती अशी की यातला एकेक फोन मला तो कुठं उभं राहून लावायचो त्यावरून आठवतो. आमचा गाव गोव्यात, सत्तरीत, वाळपईच्याही आत, तिन्ही बाजूंनी डोंगर. म्हणजे फोन नंतर, आधी जागा.

पहिला नोकिया ३३१०, साल २००१, सेकंडहँड. चुलतभाऊ तारवटी (खलाशी), बोटीवरून आला की नवा फोन घेऊन यायचा आणि जुना मला स्वस्तात द्यायचा. मी तेव्हा पणजीला नोकरीला. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही पण तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. त्यामुळे रिंग वाजली की नंबर बघायचा, कट करायचा आणि रस्ता ओलांडून एसटीडी बूथवर जाऊन त्या नंबरला फोन लावायचा. खिशात मोबाइल असून दोन वर्षं मी तो पेजरसारखाच वापरला. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं तेव्हा कुठं फोन उचलायला शिकलो.

शनिवारी कदंबाच्या बसने घरी यायचो. साखळीपर्यंत रेंजच्या काड्या टिकायच्या, पुढं एकेक गळत वाळपईला शून्य. घरी पोचल्यावर तो फोन म्हणजे गजर आणि साप. (खेळातला. खरे वेगळे.)

२००४ मध्ये मी नवाकोरा नोकिया ११०० घेतला आणि ३३१० घरी बाबांना दिला, कारण तोवर कुठूनतरी, बहुतेक घाटावरून, थोडी थोडी रेंज यायला लागलेली. पण घरात नाहीच. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला फणस आहे त्याच्या बुंध्यापाशी, तीही छातीएवढ्या उंचीवरच. मग बाबांनी फणसाला खिळा मारला, खिळ्याला दुधाची धुतलेली पिशवी आणि पिशवीत ३३१०. रिंग वाजली की खळ्यातून धावत जायचं, आणि फोन पिशवीतून काढून कानाला लावला की रेंज जायची, म्हणून बाबा फोन तसाच खिळ्यावर ठेवून पिशवीला कान लावून बोलायचे. शेजारच्यांना वाटायचं म्हातारा फणसाशी बोलतो.

बाकीचे तीन म्हणजे एक चायना (दोन सिम, चार स्पीकर, एफएमला अँटेना), एक नोकिया ५२३३, आणि पहिला मोटो जी. त्यांच्यावर नंतर लिहीन किंवा लिहिणारही नाही, तेवढं काही नाही त्यांच्यात.

३३१० त्या डब्यात नाही. कुठं गेला आठवत नाही. ११०० आहे पण बॅटरी फुगून पोळी झालीय. कोणाकडे जाड्या पिनचा चार्जर आहे का?

अठराजूनरोड

पहिला नंबर माझा. धागा उत्तम.

आमचं दुकान पणजीत, त्यामुळे रेंजसाठी झाडावर चढायची वेळ आली नाही, पण खिसा मात्र चांगला कापला गेला. १९९९ साली नोकिया ५११० घेतला, बाहेर अँटेनाचा खुंट, पुढचं कव्हर बदलता यायचं. वडील म्हणाले एवढ्या पैशांत सेकंडहँड स्कूटर आली असती. खरंच आली असती.

तेव्हा आपल्याकडे दोनच कंपन्या, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. पुढं त्या बिर्लांत टाटा मिसळले आणि तिन्ही नावं जोडून लोक त्याला चक्क बटाटा म्हणायला लागले. 'तुझा बीपीएल की बटाटा' असं आम्ही विचारायचो, हे मी थापा मारत नाहीये. २००२ ला त्याचं आयडिया झालं. ९८२२ म्हणजे बटाटा, ९८२३ म्हणजे बीपीएल. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची सेलवन आली ती ९४२२, आणि तो नंबर असलेला माणूस बहुतेक सरकारी नोकर तरी नाहीतर त्याचा जावई. ९८९० म्हणजे एअरटेल. नुसता नंबर बघून माणूस ओळखता यायचा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची पोर्टेबिलिटी आली जानेवारी २०११ ला आणि ती ओळख गेली.

माझा तो ९८२२ अजून चालू आहे. २५ वर्षं होऊन गेली. बायको म्हणते माझ्यापेक्षा त्याला जास्त जपलं.

मडगांवकन्या

पिशवीला कान लावून!! मी ऑफिसात फुटले.

आमच्याकडे मिस्ड कॉलचं व्याकरण होतं. बाबा सकाळी मासळी मार्केटात, आई घरी लँडलाइनपाशी. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे बांगडे मिळाले. तीन म्हणजे विसवण (सुरमई) आहे पण महाग, घेऊ का? मग आईने उलट एक रिंग दिली तर घे, नाही दिली तर नको. यात एकदा लाइन दोनदा तुटली आणि बाबा तीन रिंगांच्या जागी पाच रिंगा देऊन बसले, आईला वाटलं पाकीट मारलं की काय, आणि ती रिक्षा करून मार्केटात. रिक्षाचे पैसे विसवणीपेक्षा जास्त.

माझा स्वतःचा पहिला फोन कॉलेजात, सोनी एरिक्सन के ७५० आय. दोन मेगापिक्सेल, ऑटोफोकस, कॅमेऱ्याचं झाकण सरकवलं की 'टक्' आवाज येऊन कॅमेरा चालू. तो आवाज मला आजही ओळखता येईल. त्याआधी घरच्या कॉमन नोकिया ६६०० वर माझं राज्य होतं, सहा एमबीची मेमरी आणि त्यातली चार एमबी भावाच्या गाडीच्या फोटोंनी भरलेली. मैत्रिणीकडून गाणं घ्यायचं तर ब्लूटूथ, आणि तिचा जुना असेल तर इन्फ्रारेड. दोन फोन नाकाला नाक लावून टेबलावर ठेवायचे आणि कोणी टेबल हलवायचा नाही. लायब्ररीत आम्ही सहाजणी श्वास रोखून बसलेल्या, गाणं ८० टक्के आलेलं आणि लायब्ररियन बाईंनी रजिस्टर आपटलं.

पोळेंपर्यंत

मजा येतेय. आमचं दुःख वेगळं. मी काणकोणचा, तेही पार खालच्या टोकाचा. आमच्याकडे रेंज होती, पण कर्नाटकाची!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेलिफोनवाल्यांच्या नकाशात गोवा आणि महाराष्ट्र एकच सर्कल (मुंबई तेवढी वेगळी). म्हणजे पेडण्याचा माणूस पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेला, सावंतवाडीला गेला, पार नागपूरला गेला तरी फोन घरातच. आणि आम्ही पोळेंला चहा प्यायला गेलो की पलीकडचा माजाळीकडचा टॉवर फोन ओढून घ्यायचा, टिंग करून कर्नाटकात स्वागत आहे असा मेसेज, आणि रोमिंग सुरू. आमच्या घरात तर असं की हॉलमध्ये गोवा आणि मागच्या पडवीत कर्नाटक. पडवीत बसून मावशीशी बोललो की चुलीशी बसून परदेशी फोन केल्यासारखं बिल.

आणि गंमत बघा, मोबाइलवरून कोल्हापूर लोकल, कारवार एसटीडी. कोल्हापूरला आमचं कोण? कोणी नाही. कारवारला अर्धं गणगोत. आजी म्हणायची, 'माजाळेचो कोंबो आरवल्यार हांगा आयकूं येता आनी तुमच्या फोनाक तो परदेस?'

म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क मॅन्युअल करून ठेवायचो. मग रेंज शून्य, पण पैसे वाचले. १५ जून २०१५ ला बीएसएनएलने रोमिंगमध्ये इनकमिंग फुकट केलं तेव्हा आमच्या वाड्यावर खरंच कोणीतरी फटाके लावले. तो दिवस कोणाच्या तरी लग्नाचा होता असंही म्हणतात, पण मी फटाके फोनचेच धरतो.

खटपट्या

म्हापशाला माझं रिपेअरचं छोटं दुकान आहे, वीस वर्षं होतील. तुम्ही सगळे फोन वापरणारे, मी फोन मरताना बघणारा, म्हणून मी लांब लिहिणार, वाचायचं तर वाचा.

गोव्यात फोन दोन गोष्टींनी मरतो. एक फेरीबोट, दुसरा जून महिना.

फेरीबोटीचं असं की माणूस कठड्याला टेकून बोलत असतो, बोट धक्क्याला लागताना हबका बसतो आणि फोन मांडवीत. ते गेलेच. पण काही अर्धे पडतात, म्हणजे रॅम्पवर पाण्यात, आणि मग माणूस तो फोन घेऊन धावत माझ्याकडे. पहिला प्रश्न हाच की तांदळात ठेवला होता, बरोबर ना? एकाने विचारलं उकड्या तांदळात ठेवू की सुरय तांदळात. मी म्हटलं पात्रांव, पेज करून पी. अहो तांदळाने काही होत नाही. बेतीजवळचं पाणी खारं, ते आत गेलं आणि बॅटरी जोडलेली राहिली की मिठाच्या पाण्यातून करंट फिरत राहतो आणि तासाभरात बोर्डावर हिरवं येतं. पहिलं काम फोन बंद आणि बॅटरी बाहेर. जुन्या फोनांत ते एका नखाचं काम होतं. मग सरळ गोड्या पाण्याने धुवायचा, हो धुवायचा, लोक दचकतात पण मीठ जायला पाहिजे, मग आयपीए (एक प्रकारचं अल्कोहोल) मारून ब्रशने साफ, मग गरम हवा. असे मी कितीतरी ३३१० आणि ११०० उठवलेत. हल्लीच्या फोनला मागची काच तापवून काढेपर्यंतच आत सगळं शिजलेलं असतं.

जूनचं वेगळं. पाण्यात पडत नाही, काही नाही, नुसती हवा. चार्जिंगच्या जॅकमध्ये ओल धरते. गिऱ्हाईक म्हणतं चार्जर खराब, मी टाचणीने जॅक खरवडून हिरवी पूड काढून दाखवतो.

आता ११०० बद्दल. तो फोन काढला २००३ ला, जगभर २५ कोटींच्या आसपास विकला गेला, आणि तो का चालला हे बाहेरून कळत नाही, उघडल्यावर कळतं. कीपॅड एकाच रबराची सलग चादर, त्यामुळे धूळ-पाणी आत जायला फटच नाही. ३३१० चं कीपॅड तसं नव्हतं, त्याच्या डोमखाली पीठ, मिसरी, काय वाट्टेल ते सापडायचं. एकदा एका बाईंच्या फोनमधून मोहरीचा दाणा निघाला, पाच नंबरच्या बटणाखाली. बाई म्हणाल्या, तरीच आठवडाभर पाच दाबला की टचकन् वाजायचं.

@पोळेंपर्यंत, चायना फोनवाले पण तुमच्यासारखेच रडत आलेले. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्री आयएमईआय (फोनचा पंधरा आकडी ओळख नंबर) नसलेले सगळे फोन बंद होणार असं सरकारने काढलं. त्याआधीचे पंधरा दिवस दुकानासमोर रांग. *#०६# दाबायचं आणि स्क्रीनवर पंधरा शून्यं! १९९ रुपयांत अधिकृतपणे आयएमईआय टाकून मिळायचा. एक आजोबा आले, फोनवर मोठ्याने आरती लागायची म्हणून घेतलेला, म्हणाले १९९ दिले तर आरतीचा आवाज कमी नाही ना होणार?

@घाटपायथा, जाड्या पिनचा चार्जर आहे माझ्याकडे, पण फुगलेली बॅटरी लावू नकोस रे बाबा, चार्ज तर मुळीच करू नकोस. बीएल-५सी बॅटरी पाहिजे ना? ती अजून मिळते. आणि घरात बघ, असेलच.

रील_वाला

सॉरी पण मला कळत नाही यात एवढं काय. माझा पहिलाच फोन रेडमी नोट ४. कॅमेरा, नेट, सगळं होतं. तुमच्या फोनमध्ये काहीच नव्हतं म्हणून तुम्हाला एकेक गोष्ट लक्षात राहिली. मला माझ्या मागच्या फोनचा रंगपण आठवत नाही.

मडगांवकन्या

@रील_वाला अरे तेच तर.

घाटपायथा

@रील_वाला बरोबर बोललास, वाद नाही. मला माझ्या मोटो जीचं सांगण्यासारखं एवढंच आठवतं की फेब्रुवारी २०१४ ला तो फक्त ऑनलाइन निघाला, १२,४९९ रुपये, आणि कुरियरवाला गावात येईना. म्हणाला वाळपई स्टँडवर या. मी गेलो तर तो रसवंतीच्या बाकावर माझा खोका मांडीवर घेऊन रस पीत बसलेला. फोनचं विचारशील तर काही नाही आठवत, चांगला होता.

@खटपट्या घरात बीएल-५सी असेल म्हणजे? कुठं?

खटपट्या

आईकडे भजनाचा डबा आहे का? तो छोटा स्पीकर, एफएम आणि पेनड्राइव्हवाला? मागचं झाकण काढ.

टिपर_नंबर_नऊ

११०० च्या धुळीचा विषय निघालाच आहे तर आमच्याशिवाय तो पुरा होणार नाही. मी डिचोलीचा. लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा घरचे दोन टिपर, म्हणजे खनिजाचे ट्रक. लाल धूळ म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलीय त्यांनाच ठाऊक, भाताच्या पेजेवरही तांबडी साय यायची. ड्रायव्हरांकडे सगळे ११००, दुसरं टिकायचंच नाही. रात्री लायनीत गाडी लावली की त्याच्याच टॉर्चने टायर बघायचे. सी चं बटण दाबून धरायचं.

आणि मालकांकडे? हॅ हॅ. २००८ ते २०१२ आमच्या वाड्यावर जेवढे एन९५ आणि ब्लॅकबेरी होते तेवढे पणजीच्या सेक्रेटरिएटमध्ये नसतील. मीही घेतला ब्लॅकबेरी, ईमेल कोणाची येणार होती देव जाणे, पण कमरेला कातड्याचं पाकीट लावून फिरायचो. बार्जवाल्याचा फोन आला की तो काढायचा आणि जरा लोकांकडे बघून उचलायचा.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश. गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, हप्ते मात्र चालूच. पहिल्यांदा काय गेलं असेल तर फोन. दिवाळीपर्यंत डिचोलीत सेकंडहँड ब्लॅकबेरी एवढे झाले की दुकानदार म्हणायचा, आता नको रे, ठेवू कुठं. माझा मी दिला, मिळाले त्यात एक टायर आला नाही. मग ड्रायव्हरने गाव सोडताना त्याचा ११०० मला ठेवून दिला. त्याचा पगार राहिला होता दोन महिन्यांचा, आणि तोच मला फोन देऊन गेला. तीन वर्षं वापरला तो. बटणांवरचे आकडे पार पुसलेले पण कीपॅड उघडलं तर आतून स्वच्छ.

अठराजूनरोड

@टिपर_नंबर_नऊ, वाचून गप्प झालो.

विषय थोडा बदलतो. बीएल-५सी वरून आठवलं, ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतःच जाहीर केलं होतं की एका पुरवठादाराच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, बदलून देऊ. बॅटरीच्या मागचा २६ अक्षरांचा नंबर तपासायचा. आमच्या दुकानात मोठं भिंग होतं, नाणी बघायला ठेवलेलं, तर आठवडाभर शेजारपाजारचे सगळे बॅटऱ्या घेऊन आमच्याकडे. मी जवळजवळ शंभर बॅटऱ्यांचे नंबर वाचले असतील. त्यातली एकही सदोष निघाली नाही, पण दुकानाची ओळख झाली. दोन गिऱ्हाइकं त्यातली आजही येतात.

खडूफळा

मी सांग्याकडे शाळेत शिकवते. माझे स्वतःचे फोन सांगण्यासारखे नाहीत, पण धाग्याच्या मालकांनी जागांचा विषय काढला म्हणून.

२०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या तेव्हा माझ्या सातवीच्या वर्गाला रेंज मिळायची डोंगरावर, पायवाटेने अर्धा तास. पोरांनी तिथं माडाच्या झावळ्यांची खोप घातली. जिओ येऊन चार वर्षं झालेली, पेपरात रोज स्वस्त डेटाच्या जाहिराती, आणि आमच्याकडे पाच पोरांत एक फोन, तोही कोणाच्या तरी बापाचा, म्हणजे बाप कामावर निघाला की वर्ग संपला. मी व्हिडिओ सोडून दिले आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागले, एकेक तीन मिनिटांचा, तेवढा उतरायचा. एकदा अपूर्णांक शिकवत होते आणि पोरीने उलट मेसेज केला, 'बाई आता बंद करते, जळू लागली.' मी आधी घाबरले, मला वाटलं बॅटरीच. नंतर कळलं पायाला लागलेली जळू.

ती आता बारावीला आहे. परवा बसमध्ये भेटली, हातात माझ्यापेक्षा भारी फोन. म्हणाली बाई, खोप अजून आहे, आता गुराखी बसतात.

पोळेंपर्यंत

जळू लागली!! देवा. हा धागा मी घरच्यांना वाचून दाखवतोय. पडवीत बसून.

घाटपायथा

अपडेट. खटपट्या, तू देवमाणूस आहेस.

आईच्या भजनाच्या डब्याचं झाकण काढलं, आत खरंच बीएल-५सी, तीही पूर्ण चार्ज, आई रोज लावून ठेवते म्हणून. आई म्हणाली अर्ध्या तासात परत दे, साडेसहाला विठ्ठलाचं लागतं. ११०० मध्ये घातली, बटण दाबून धरलं, पडद्यावर नोकियाचे ते दोन हात एकमेकांकडे आले. शपथ सांगतो, बायकोपण कामं टाकून बघायला आली.

पण पुढं 'सिम घाला'. सिमशिवाय तो आत जाऊच देत नाही हे विसरलो होतो. आता हल्लीचं सिम नखाएवढं, आणि त्याची जागा टपालाच्या तिकिटाएवढी. एकेकाळी हेच मोठं सिम दुकानात नेऊन त्या स्टेपलरसारख्या यंत्राने कापून आणलेलं, बारीक केलेलं. आता उलटं. पोराने कुठल्यातरी सिमच्या कार्डाची रिकामी चौकट शोधून काढली, त्यात माझं सिम बसवलं, मागून सेलोटेप. तीन वेळा सरकलं, चौथ्यांदा धरलं. तारीख विचारली, मी दिली. घरात आता रेंज आहे, तीन काड्या दाखवल्या.

मेसेजमध्ये गेलो. इनबॉक्स भरलेला होता. बँकेचे दोन-चार, एका मित्राचे विनोद (भयंकर), आणि बाकी सगळे बाबांचे. फणसाखालचे. बोलणं तुटायचं पण मेसेज जायचा, त्याला रेंज क्षणभर मिळाली तरी पुरते, म्हणून बाबा मेसेजच करायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक अक्षराला तीन-तीनदा बटण दाबून. मला तेव्हा त्यांची चीड यायची कारण ऑफिसात टुंग टुंग वाजायचं.

'पाऊस सुरू.' 'सुपारी पाडली.' 'लाइट नाही काल पासून.' 'तुझी आई विचारते जेवलास.' 'पंप जळला वायरमन पाठव.' 'पंप झाला नको पाठवू.' शेवटचा असा की 'गाय व्याली पाडी. रविवारी ये.'

रविवारी मी गेलो होतो की नाही तेच आठवत नाहीये. आईला विचारलं तर ती म्हणाली बॅटरी दे आधी, साडेसहा झाले. दिली. फोन परत मेला. उद्या म्हापशाला येतो, नवी बीएल-५सी काढून ठेव.

खटपट्या

दोन ठेवतो. दुपारी एक ते तीन बंद असतं, आधी ये. शुक्रवार आहे, बाजाराची गर्दी, गाडी लांब लाव.

मडगांवकन्या

आईंना नीट विचारा हो, गेला होतात की नाही. खरवस कोणी खाल्ला ते त्यांना आठवेल.

घाटपायथा

विचारलं आत्ता, भजन संपल्यावर. गेलो नव्हतो. सोमवारी बाबा पहिल्या कदंबाने डबा घेऊन पणजीला आले होते म्हणे, ऑफिसच्या गेटवर दिला आणि तसेच परत. फोन केला नाही, कारण फोन फणसावर होता.